पाठ फिरवून फोटो काढणारा माणूस

भाऊंनी माझ्यासमोर कधी कुणाला "हसा" म्हटलं नाही. "हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो," ते म्हणत. "दात काय, दवाखान्यात पण दाखवतो."

शहापूरच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि भाऊ बहिणीच्या गावी भेंडी लावतात असं ऐकते. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा माझी पदवी नुकतीच झाली होती. कॅमेरा बऱ्यापैकी हाताळता येत होता, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोटोसाठी आलेल्या मुलींच्या साड्या नेसवायला, पिना लावायला कुणीतरी बाईमाणूस हवं होतं. मुलाखत अशी झालीच नाही. भाऊंनी मला खिडकीत उभं केलं आणि बाहेर काय दिसतंय ते विचारलं. मी बराच वेळ बघत राहिले. रस्ता, रिक्षा, मागे माहुलीचे सुळके, त्यांच्यापुढे विजेच्या तारा. यातलं आधी काय सांगायचं ते ठरेना, म्हणून काहीच सांगितलं नाही.

"चालेल," ते म्हणाले. "बोलणारा माणूस मला नकोच होता."

त्यांना हाक काय मारायची, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न. सगळं शहापूर त्यांना भाऊ म्हणायचं. मी इंग्लिश मीडियमची, माझ्या तोंडात 'सर' बसलेलं. पहिल्या दिवशी सर म्हटलं तर म्हणाले, "सर शाळेत असतात. मला तर शाळेतनं दोनदा काढलाय." भाऊ म्हणायला जीभ वळेना, आणि 'अहो' म्हणणं तर शक्यच नव्हतं. मग मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन नुसती उभी राहायची, ते वर बघेपर्यंत. इथे मी त्यांना सरळ भाऊ म्हणतेय, ते समोर नाहीत म्हणून. ते मला 'इंग्लिश मीडियम' म्हणत. "इंग्लिश मीडियम, ती पिशवी उचल." "इंग्लिश मीडियम, चहा गार झाला गो."

आमचं मुख्य काम साखरपुड्याआधी जोडप्यांचे बाहेर, डोंगरात-शेतात फोटो काढायचं. तुळशीचं लग्न लागलं की जोडपी यायला लागत. येताना मोबाइलमध्ये नमुने घेऊन येत. मुलीचा घोळदार गाऊन वाऱ्यावर उडतोय, मुलाने तिला दोन्ही हातांवर उचललंय, मागे समुद्र. भाऊ चष्मा लावून प्रत्येक फोटो नीट बघत आणि मोबाइल परत देत.

"हिला उचललीय कशाला? पाय दुखतायत काय तिचे?"

"नाही, तसं रोमँटिक वाटतं," मुलगा म्हणे.

"मग उद्या चप्पल घालून या. दोघांनी चालायचंय."

त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये एक कडीचा डबा असे. जोडप्याने त्यात आपापले मोबाइल टाकायचे. गॉगलही त्यातच. दोन हातांचा बदाम करून दाखवायचा नाही. छत्री, फुगे, 'सेव्ह द डेट'ची पाटी, यातलं काही आणलं असेल तर ते व्हॅन सांभाळेल. जागेवर पोचलं की भाऊ आधी त्या जागेचाच एक फोटो काढत, रिकामा. "ती आपल्या आधीपासनं इथं आहे," म्हणत. पहिल्यांदा मला हे जरा नाटकी वाटलं होतं. नंतर कंप्युटरवर फोटो निवडताना मीच तो रिकामा फोटो आधी उघडून बसायला लागले. माणसं कुठे बसतील ते त्यात आधीच दिसायचं.

फोटोच्या मांडणीबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती सांगायची पद्धत त्यांची त्यांची. डोंगराची रेघ मानेवरून गेली की ते म्हणत, "कापलास त्याला." मागचं झाड डोक्यावर आलं की, "शिंगं फुटली पोरीला." खर्डीच्या शेतात एकदा मी एका जोडप्याला सांगत होते, जरा डावीकडे सरका, अजून थोडं, आता मान वळवा. भाऊ बांधावरून ओरडले, "त्यांना हलवू नको. ती आत्ता कुठं रुजलीत. तू हल." मग मी हलले. चिखलात घोट्यापर्यंत गेले, पण त्यांच्या मागचा विजेचा खांब चौकटीतून गेला.

आणि त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे ते जोडप्याकडे पाठ करून बसत. कॅमेरा मांडीवर, तोंड भलतीकडे, हातात एखादी काडी. समोर साखरपुड्याची हिरवी साडी नेसलेली मुलगी आणि कडक इस्त्रीचा मुलगा, आणि फोटोग्राफर मुंग्या बघतोय. पाच-दहा मिनिटं जोडपं अवघडून उभं असे. मग कुजबुज. मग मुलगी विचारे, "हे झोपले का?" मग दोघं हसत. त्याच क्षणी भाऊ बसल्या जागी वळत आणि फोटो निघे. त्यांना मागे डोळे नव्हते, कान होते.

दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी होतं आणि कुसळं धरतं. भाऊ जोडप्याला मुद्दाम त्या गवतातून पायवाट सोडून चालवत. पलीकडे निघेपर्यंत साडीचा काठ, पँटचे पाय, सगळं कुसळांनी भरलेलं. "आता काढा एकमेकांची," भाऊ सांगत आणि पाठ फिरवत. चार दिवसांपूर्वी चहापोह्यांना भेटलेली ती दोघं उकिडवी बसून एकमेकांच्या कपड्यांतली कुसळं वेचायला लागत. कुणी ओरडे, कुणी दुसऱ्याचा हात धरून ठेवे. असे फोटो कुणी सांगून निघत नाहीत. तक्रार एकदाच आली. एका मुलाची आई कुसळांनी भरलेली पैठणी घेऊन स्टुडिओत आली होती. ती टेबलावर पसरून म्हणाली, "आता तुम्हीच बसा काढत." भाऊ बसले. मीही बसले. दुपार त्यातच गेली.

त्यांचं नेहमी बरोबरच येई असं नाही. उंबरमाळीच्या डोंगरात एकदा भाऊ चौकट धरत, उलटं चालत, हाताने जोडप्याला "या, या, पुढं या" करत होते. या नादात ते स्वतः आणि त्यांच्यामागून ती दोघं वाळलेल्या खाजकुयलीच्या वेलात शिरली. मुलगी बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये होती. त्या एका गाऊनला भाऊंनी कशीबशी परवानगी दिली होती. मिनिटभरात तिघंही खाजवायला लागली. मुलगा बँकेत होता, अगदी सभ्य, तो आधी फक्त मनगट चोळत होता. मग त्याने शर्टची बटणं काढली.

आमची ओरड ऐकून पाड्यावरची एक आजी पाटी घेऊन आली. पाटीत ताजं शेण.

"चोळा," ती म्हणाली. "लाजताय काय? नायतर रातभर नाचाल."

मुलाने शेणाचा गोळा हातात घेतला आणि थांबला. समोर होणारी बायको, खांदे उघडे.

"लाव ना," ती ओरडली. "बघतोस काय?"

त्याने लावलं. तिने त्याच्या मानेला लावलं, मग पाठीला, मग विनाकारण गालाला. आजी पदर तोंडाला लावून हसत होती. भाऊ कोपरापर्यंत खाजवत होते आणि मधल्या वेळात फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील भांडायला आले. भाऊंनी न बोलता त्यांना कंप्युटरसमोर बसवलं. ते पाठमोरे होते, त्यामुळे ते हसतायत हे मला आधी कळलं नाही, पण त्यांचे खांदे हलायला लागले. त्यातला एक फोटो मोठा करून त्यांच्या हॉलमध्ये लागलाय. भाऊंनी तो काळापांढरा करून दिला. पाहुण्यांना वाटतं, हळद आहे.

पण भाऊंची खरी कसोटी लागायची ती जोडप्याबरोबर येणाऱ्या माणसांशी. आमच्याकडे साखरपुड्याआधी मुलीला मुलाबरोबर एकटीला डोंगरात कोण पाठवतं? मुलीचा भाऊ येई, काका येई, एखादी मावशी हौसेने येई. ही माणसं जोडप्याच्या बरोबर मागे उभी राहून सूचना करत. "हात धर ना रे तिचा." "एवढा नको धरू." भाऊ कुणालाही नको म्हणत नसत. ते प्रत्येकाला काम देत. व्हॅनमध्ये थर्माकोलचा एक मोठा पांढरा ठोकळा होता. तो पाहुण्याच्या हातात देऊन त्याला लांब, अगदी शेताच्या पलीकडच्या टोकाला, एखाद्या झाडामागे उभं करत.

"इथनं उजेड मारायचाय. हलायचं नाय. तुमच्यावर सगळा फोटो आहे."

पाहुणा छाती काढून उभा राही. तिथून फोटोवर काडीचाही उजेड पडत नसे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मला वाटायचं, चौकटीत गर्दी नको म्हणून ते असं करतात. मी कधी विचारलं नाही. मी फार काही विचारत नसे.

मग माझं लग्न ठरलं.

स्थळ मामींनी आणलेलं. माझी मामी म्हणजे त्याची लांबची आत्या, त्यामुळे दोन्ही घरांची सगळी बोलणी मुरबाडला मामींच्या ओसरीवरून होत. मुलगा कल्याणचा, एका कंपनीत नोकरीला. फोनवर आम्ही बोलायचो. कामाचं, जेवणाचं, त्याच्या बॉसचं. बरा वाटायचा मला. हसायचा मोकळं. साखरपुडा दहा-बारा दिवसांवर आला तेव्हा मामी घरी आल्या आणि चहा पिता पिता आईला म्हणाल्या, "आता हिचं ते फोटोबिटो बंद हां. त्यांच्याकडं नाय चालायचं. रानावनात परक्या माणसाबरोबर फिरायचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं.

त्या रात्री मी फोनवर त्याला विचारणार होते. विचारलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. 'नाही चालणार' असं त्याच्याच तोंडून ऐकलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. काय, ते ठरवलं नव्हतं. पण काम सोडून त्या घरात जायचं नाही, एवढं माझं मला कळलं होतं. विचारायला थोडेच दिवस होते आणि ते जात होते.

स्टुडिओत मी लग्न ठरल्याचं तेवढं सांगितलं होतं, काम सोडण्याबद्दल कुणाला काही बोलले नव्हते. भाऊ एवढंच म्हणाले, "रविवारी तुमचे दोघांचे काढू. वैशाखऱ्याला." मी मान हलवली. मला फोटो काढून घ्यायला अजिबात आवडत नाही.

रविवारी किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत आम्ही वैशाखऱ्याला पोचलो. तो मुरबाडहून मामींना घेऊन सरळगावला व्हॅनमध्ये चढला होता. गावापुढे भाताची कापणी झालेली शेतं, मधे पेंढ्याच्या उडव्या, मागे घाटाची भिंत. ऊन कललं होतं. मी त्या जागी अनेक जोडप्यांना उभं केलं होतं, पण स्वतः उभी राहिले तेव्हा हात कुठे ठेवायचे ते कळेना.

भाऊंनी जागेचा रिकामा फोटो काढला. मामी आमच्यामागे उभ्या होत्या. "जरा जवळ उभे राहा की. शेजारीपाजारी असल्यासारखे काय?" भाऊंनी थर्माकोल काढला.

"बाई, तुमच्याशिवाय व्हायचं नाय हे," ते म्हणाले आणि मामींना घेऊन गेले. दोन शेतं ओलांडून, ओढ्याच्या कडेला एक उंबर होता, त्याच्यामागे. आम्हाला फक्त मामींच्या साडीचा जांभळा काठ आणि पांढरा ठोकळा दिसत होता.

परत येऊन भाऊ बांधावर बसले. आमच्याकडे पाठ.

मी समोर पाहत उभी होते. तोही. उडवीवर दोन साळुंक्या भांडत होत्या.

"असंच असतं का?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"उजेडावर आहे."

"उजेड बरा नाय," भाऊ तिकडे तोंड करूनच म्हणाले. "थांबावं लागेल."

मी वर पाहिलं. घाटाच्या माथ्यापासून शेतातल्या खुंटांपर्यंत सगळं पिवळंधमक झालं होतं. इतका चांगला उजेड मी दोन हंगामांत पाहिला नव्हता. अशा उजेडात भाऊ जेवायलाही बसत नसत. आणि आता ते चपलेचा अंगठा नीट करत बसले होते.

"भाऊ, चालेल की आता," तो म्हणाला.

"नाय चालणार."

आम्ही उभे राहिलो. मग बसलो. त्याने एक पेंढी उचलून दिली, त्यावर बस म्हणाला. लांबून मामींचा आवाज आला, "झालं का ओ?" भाऊंनी हात वर करून त्यांना तसंच थांबायला सांगितलं. ऊन आणखी खाली आलं. आता ते आमच्या गुडघ्यांवर होतं. थोड्याच वेळात ते जाणार, हे मला नेमकं माहीत होतं. भाऊंना माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यांनी कॅमेऱ्याची टोपीसुद्धा काढली नव्हती.

मी पेंढीतली एक काडी ओढली आणि म्हटलं, "मी काम नाही सोडलं तर?"

तो माझ्याकडे वळला. "म्हणजे?"

"हे काम. लग्नानंतर. नाही सोडलं तर?"

"पण तुलाच सोडायचंय ना?"

"मला?"

"आत्या सांगत होत्या. म्हणे उन्हातान्हात फिरून पोरगी कंटाळलीय, लग्न झालं की सुटेन म्हणते."

"मी असं म्हटलं?"

"तू नाही. आत्या."

"मला सांगितलं, तुमच्या घरी चालणार नाही."

"कुणी?"

मी उंबराकडे हनुवटी केली. ठोकळा हातातून एकदा घसरला आणि घाईने परत वर गेला. त्याने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. मलाही. मामींनी खोटं बोलायचं म्हणून केलं नसणार. दोन्हीकडे बरं वाटेल ते त्या दोन्हीकडे सांगत आल्या होत्या.

"आईला काय वाटेल, खरं सांगू, माहीत नाही मला," हसणं थांबल्यावर तो म्हणाला. "आम्ही विचारलंच नाही कुणी कुणाला. कदाचित नाही आवडणार तिला."

"आणि तुला?"

"मी ऑफिसात सांगून बसलोय, बायको फोटोग्राफर आहे म्हणून. आता लोकांना काय सांगायचं, या काळजीत होतो."

"लोकांचं सोड. आईला कोण सांगणार?"

त्याने आधी विचार केला. ते मला बरं वाटलं. "मी सांगेन," तो मग म्हणाला. "आज घरी गेल्यावर. साखरपुड्याआधी."

तेवढ्यात कॅमेऱ्याचा आवाज झाला. भाऊ वळले होते. त्यांनी तीन-चार फोटो काढले असतील नसतील, ऊन गेलं.

"चला," ते म्हणाले. "बाईंना बोलवा."

परतीच्या वाटेवर मामी पुढे, भाऊंच्या शेजारी बसल्या होत्या, दंड चोळत. आम्ही मागे.

"छान झाले ना फोटो?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"आत्या," तो म्हणाला, "ही काम सोडणार नाही. आईला मी सांगतो. तुम्ही नका सांगू."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी कुठं काय सांगते?" मामी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि साखरपुडा?"

"साखरपुडा आहे की."

"मग बरं." त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि टोकावड्याच्या आधीच झोपल्या.

त्या रात्री उशिरापर्यंत त्याचा फोन आला नाही. सकाळी मेसेज होता. 'सांगितलं. आता आई विचारतेय, साखरपुड्याचे फोटो तूच का नाही काढणार.'

मी स्टुडिओत गेले तेव्हा भाऊ चहा पीत होते. त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायचं होतं, आभाराचं म्हणा, पण शब्द जुळवेपर्यंत त्यांनीच वर पाहिलं.

"रविवारी खर्डीला जायचंय," ते म्हणाले. "बॅटऱ्या चार्ज करून ठेव."

"रविवारी माझा साखरपुडा आहे."

त्यांनी कप खाली ठेवला आणि जरा विचार केला.

"मग शनिवारी जाऊ."